सोंगांची पेटी

यंदा जूनमध्ये सोसायटीच्या ऑफिसची डागडुजी निघाली, तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं. जुने मीटरबोर्ड, मखराच्या फळ्या, २००० सालापासूनच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे आणि एक निळी पत्र्याची पेटी. भंगारवाल्याने पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "पत्र्याचे पैसे देतो, आतल्या चिंध्यांचं काय नाय." मी तेवढ्यात मोहोपाड्याच्या बाजारातून भाजी घेऊन येत होते. पिशवी तिथेच ठेवली आणि पेटीवर बसले. सेक्रेटरी हसले, म्हणाले, "काकू, असं करा. या पेटीत काय आहे आणि का ठेवायचं, ते स्मरणिकेत लिहून द्या. सभासद ठेवा म्हणाले तर ठेवू."

म्हणून हा लेख. नव्या सभासदांनी मला ओळखलं नसेल तर सांगते. मी बी विंगमधली शिवणाची काकू. गणपतीतल्या फॅन्सी ड्रेसच्या आदल्या रात्री ज्यांच्या घराची बेल साडेअकराला वाजते, ती. इतिहास लिहायची मला सवय नाही, पण पेटीतल्या एकेका कपड्याचा इतिहास मला पाठ आहे. तोच सांगते.

सोंग आपल्याकडे कधीपासून?

लहान मुलांना सजवून दुसरं कुणीतरी बनवायचं, हे काही टीव्हीने शिकवलेलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं सोंग वर्षाच्या आत झालेलं असतं. संक्रांतीनंतर बोरन्हाण करतात, तेव्हा बाळाला काळं झबलं शिवायचं, हलव्याचे दागिने करायचे, मुकुट, बाजूबंद, हातात हलव्याची बासरी. झाला बाळकृष्ण! मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे. दागिने घरीच व्हायचे. जाड पुठ्ठ्यावर दोऱ्याने हलवा ओवत बसलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. एक दागिना तुटला की मुंग्या लागायच्या, म्हणून डब्यात लवंग टाकून ठेवायच्या.

मोठ्यांचीही सोंगं होतीच. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव, पोलीस होऊन दारात "दंड भरा" म्हणणारा बहुरूपी, आसूड ओढणारा पोतराज. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, ती अशाच माणसांच्या तोंडी घालून. म्हणजे सोंग घेऊन खरं बोलायचं, ही आपली फार जुनी रीत. कोकणात शिमग्याला पोरं सोंगं घेऊन दारोदार पोस्त मागत फिरायची. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे अजूनही नाचतात.

सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला १८९३ मध्ये, आणि त्यात लवकरच मेळे आले. एकसारखे पोशाख केलेली मुलं गाणी म्हणायची. आपला सोसायटीतला कार्यक्रम हा त्या मेळ्यांचाच लांबचा नातू म्हणायला हरकत नाही.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट दादासाहेब फाळक्यांच्या घरची. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्यात राजपुत्राचं काम त्यांच्याच मुलाने, भालचंद्रने केलं. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मुलगी कृष्ण झाली, याचं तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. सरस्वतीबाई फाळके कलाकारांचा स्वयंपाकही करायच्या आणि फिल्मच्या कामातही हात लावायच्या. आपल्या देशातला सिनेमा घरच्या मुलांना घरचाच मुकुट घालून उभा राहिला, असं मी म्हटलं तर चुकेल का?

मग १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' बसवलं आणि मराठी बालनाट्य जोरात सुरू झालं. पुढे 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकरांनी केलेली चेटकीण पाहून घाबरलेली मुलं आज आपल्या सोसायटीत आजी-आजोबा आहेत. तेव्हापासून शाळांच्या स्नेहसंमेलनात चेटकिणीचं नाक कागदाच्या लगद्याचं करायची पद्धत पडली. तसलं एक नाक पेटीत आहे. त्याला आता वास येतो, पण आहे.

पहिली वर्षं: पुठ्ठा, खळ आणि बेगड

आपण इथे राहायला आलो २००० मध्ये. कोणी रसायनीच्या कारखान्यांत नोकरीला, कोणी पाताळगंगा एमआयडीसीत, कोणी मुंबईची खोली विकून, कोणी घाटावरून. एकमेकांची नावं माहीत नव्हती. पहिल्या गणपतीत आरतीला माणसं असायची, पण आरती झाली की ज्याने त्याने आपापलं दार लावून घ्यायचं. तेव्हा ए विंगमधल्या निवृत्त बाईंनी (त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या) फळ्यावर लिहिलं: "रविवारी लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस. बक्षीस: पेन्सिल." दुसऱ्या दिवसापासून बायका एकमेकींच्या दारात. "तुमच्याकडे मोत्याची माळ आहे का हो?" "जुनी हिरवी साडी?" "मोरपीस?" ओळखी अशा झाल्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नव्या लोकांना वाटतं की स्पर्धा मुलांसाठी होती.

जिरेटोप कसा करायचा, हे मी निदान चाळीस जणींना शिकवलं असेन. मुलाच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजायचा, पुठ्ठ्याची पट्टी त्याहून दोन बोटं मोठी कापायची. वरचा उंच भाग वेगळा कापून आतून शिवायचा, चिकटवायचा नाही, नाहीतर स्टेजवर घामाने सुटतो. त्यावर जुन्या ब्लाउजचं कापड ताणून बसवायचं. कणकेची खळ पातळ हवी, घट्ट झाली की कापडाला गुठळ्या दिसतात. कडेला बेगड, आणि वरून आईची मोत्याची माळ, ती मात्र कार्यक्रम संपताच परत काढायची. दाढी-मिशी काजळाची. कापूस डिंकाने चिकटवला तर काढताना मूल रडतं आणि पुढल्या वर्षी दाढीचं नाव काढत नाही.

मुलींची नऊवारी म्हणजे आजीची मऊ झालेली सुती साडी अर्धी कापून, काष्टा आधीच शिवून ठेवलेली. पाच वर्षांची मुलगी स्टेजवर जिजामाता होते, तेव्हा तिचा काष्टा सुटला तर सगळा इतिहास सुटतो!

त्या काळात कोण कोण आलं होतं? झाड, वांगं, पोस्टमन, वासुदेव, सचिन तेंडुलकर. सचिनचे पॅड पुठ्ठ्याचे होते, आणि तो मुलगा बसू शकत नव्हता, म्हणून त्याला दोन तास भिंतीला टेकवून उभा ठेवला होता. पेटीत त्यातला एक पॅड आहे. दुसरा पावसात भिजला.

पेटीत नसलेली वस्तू

आता जे पेटीत नाही त्याबद्दल. हे लिहायला मला जड जातंय, पण इतिहास म्हटला की आपली चूकही लिहायला हवी.

२००८ साली मी माझ्या धाकट्याला 'आदिवासी' केलं. तेव्हा सगळीकडे तसंच करायचे. अंगाला काळा रंग, कमरेला आंब्याच्या पानांचा घागरा, डोक्याला पिसं, हातात भाला, आणि "हू हू" करत उड्या. टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला. मी पानं एकेक करून दोऱ्यात ओवली होती, मला फार कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला मावशी आल्या. त्या कातकरी वाडीवरच्या. आदल्या दिवशी कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायला त्यांना आपणच बोलावलं होतं, म्हणजे त्यांनी सगळं मागे उभं राहून पाहिलं होतं. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, आमी कधी पानं गुंडालली? माझी पोर शालेत जाते. युनिफॉर्म घालून जाते." आवाज चढवला नाही. पुढची कढई घेतली.

मी काही बोलले नाही. चहा दिला. काय बोलणार? ज्या बाईने माझ्या मुलाला तापात मांडीवर घेतलं होतं, तिलाच मी पिसं लावून स्टेजवर नाचवलं होतं आणि वरून पेन्सिल बॉक्स जिंकला होता. आपण ज्यांच्या शेजारी राहतो, ज्यांच्याकडून कर्टुली आणि टाकळा घेतो, त्यांच्याबद्दल आपल्या मुलांना काय माहीत आहे? हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. पानांचा घागरा मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला.

ही गोष्ट मी बाईंना सांगितली. त्यांनी ओरडणं वगैरे काही केलं नाही. पुढल्या वर्षी फळ्यावर विषय लिहिला: "आपल्या भागातली माणसं." आणि आम्ही सगळेच शोधायला लागलो. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा. माथेरानचे भाई कोतवाल, ज्यांना २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर वीरमरण आलं. आणि २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह. त्या गोळीबारात हुतात्मा झालेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. एवढ्या जवळचं नाव, आणि आमच्यातल्या निम्म्या जणांनी तोवर ऐकलंही नव्हतं.

त्या वर्षी आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा नाग्या कातकरी झाला. साधं धोतर, डोक्याला फडकं, हातात कोयता, तोही पुठ्ठ्याचा. रंग नाही, पिसं नाहीत. "जंगल आमचं आहे, लाकूड आम्ही तोडणार" एवढंच बोलला. मावशींना मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्या काही म्हणाल्या नाहीत. घरी जाताना मात्र त्या मुलाच्या डोक्याचं फडकं नीट बांधून दिलं. ते सैल बांधलं होतं. ते फडकं पेटीत आहे.

सहा महाराज आणि एक भाड्याची तलवार

२०१२-१३ च्या सुमारास भाड्याचे ड्रेस आले. पनवेलला जाऊन आणायचे, नंतर ऑनलाइनही मिळू लागले. दोष कुणाला देणार? दोघंही नोकरीला, रात्री आठला घरी, मुलाला उद्या ड्रेस हवा. पण एका वर्षी स्टेजवर सहा शिवाजी महाराज एका रांगेत उभे राहिले. सहाही एकाच दुकानातले, एकाच लाल मखमलीचे, चौघांच्या बाह्या कोपराच्या खाली लोंबत होत्या. एका महाराजांची तलवार मोडली आणि त्यांनी भोकाड पसरलं, कारण आईने डिपॉझिट भरलं होतं आणि ते पैसे जाणार हे त्यांना घरी बजावलेलं होतं. प्रेक्षक हसत होते. मला मात्र तो मुलगा आठवतो. त्याने तलवार हातात घेऊन जपायचीच होती, खेळायची नव्हती.

पुढच्या सर्वसाधारण सभेत यावर चांगला पाऊण तास वाद झाला. "ज्यांना वेळ नाही त्यांनी काय करायचं?" हा प्रश्न खरा होता. शेवटी ठराव असा झाला: ड्रेस घरी केलेला हवा, विकत आणलेलं सामान पन्नास रुपयांच्या वर नको, आणि मुलाने स्टेजवर सांगायचं की त्यातलं कोणी काय केलं. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी ऑफिसमध्ये पेटी उघडी राहील, मी मशीन घेऊन बसेन. पेटी अधिकृतपणे 'सोसायटीची' झाली ती तेव्हा. म्हणजे सेक्रेटरीसाहेब, ठराव आहे, वही काढून पाहा.

या ठरावाचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. "बाजू आजीने कापल्या, पिवळा रंग मी दिला, बटणं बाबांनी लावली आणि उलटी लावली," असं मुलं माइकवर सांगू लागली. पाठ केलेल्या वाक्यांपेक्षा लोक हेच ऐकायला थांबायचे.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. तेव्हा बऱ्याच मंडळांची धावपळ झाली, आपली झाली नाही. आपण आधीपासून पुठ्ठ्यावरच होतो.

छोटा बॉयलर सूट

पेटीत सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक निळा बॉयलर सूट आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. तो नीट बघा, शिलाई माझी आहे, पण कापड विकत आणलेलं नाही.

आपल्या भागाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स १९६० साली स्थापन झाली, आणि मग रसायनी, मोहोपाडा, वासांबे सगळं बदललं. भोंग्यावर घड्याळं लावायचे लोक. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथले तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. तोपर्यंत परिसरात आणखीही काही कारखाने मंदावले होते, काही बंद झाले होते. त्या वर्षी आपल्या दोन्ही विंगमध्ये अशी घरं होती, जिथे बाप सकाळी डबा न घेता खाली उतरायचा आणि गेटपाशी उगाच वॉचमनशी बोलत राहायचा.

गणपतीच्या आधी एक आई माझ्याकडे आली. पिशवीतून नवऱ्याचा कामावरचा सूट काढला. तो ज्या कारखान्यात होता तिथलं काम संपलं होतं. ती म्हणाली, "काकू, फेकवत नाही आणि बघवतही नाही. ह्याचं पोराला काहीतरी करा."

मी आधी नाही म्हणणार होते. मग कात्री घेतली. बाह्या आखडल्या, पाय अर्ध्यावर आणले, पाठीचा घोळ आत घेतला. खिशावर पट्टी उसवल्याची टाक्यांची भोकं होती, ती मी तशीच राहू दिली. हेल्मेट बापाचंच, आत वर्तमानपत्र कोंबून बसवलं.

स्टेजवर बाईंनी विचारलं, "तू कोण झालास?"

"मी बाबा."

"बाबा काय करतात?"

"पंप चालू करतात. वॉल्व्ह बंद करतात. गॅस आला तर सगळ्यांना सांगतात. घरी येऊन दोनदा हात धुतात."

कोणी टाळी वाजवली नाही. म्हणजे वाजवली, पण जरा वेळाने. बाप मागे पार्किंगमध्ये उभा होता. कार्यक्रम संपल्यावर तो पुढे आला, मुलाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, त्यातला कागद काढला आणि म्हणाला, "काकू, पट्टा असा नसतो लावायचा." आणि नीट लावून दाखवला.

आपल्या सोसायटीचा इतिहास लिहायचा तर लिफ्ट कधी आली, बोअर कधी मारली, हे लिहायलाच हवं. पण माझ्या मते तो दिवसही लिहायला हवा. त्या माणसाने पुढे छोटं फॅब्रिकेशनचं काम सुरू केलं. मुलांच्या ड्रेसमधल्या तारेच्या सगळ्या चौकटी तेव्हापासून तोच करून देतो, पैसे न घेता.

लॉकडाउन आणि रॉकेट

२०२० साली काहीच झालं नाही. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, वरून लॉकडाउन. मुलांनी घरातच ड्रेस केले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकले. निम्मे जण डॉक्टर, निम्मे विषाणू. लाल लोकरीच्या गोंड्यांची एक टोपी पेटीत आहे, तो विषाणू. ती टोपी करणारे आजोबा पुढल्या वर्षी आपल्यात नव्हते. तीही ठेवायची.

२०२३ चं वर्ष अजून जवळचं आहे. १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपल्या खालापूर तालुक्यातली, रोज दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या पोटातली वाडी. त्या वर्षी कार्यक्रम घ्यावा की नाही, हा प्रश्न पडला. बक्षिसं आणि लाउडस्पीकर रद्द केले, मुलांचा कार्यक्रम तेवढा ठेवला. मुलं थांबत नाहीत आणि त्यांना थांबवूही नये.

मध्ये २३ ऑगस्टला चांद्रयान ३ चंद्रावर उतरलं होतं. त्यामुळे गणपतीत रॉकेट येणार हे नक्की होतं. आलं! साडेपाच फूट उंच, आत पाच वर्षांची मुलगी, बाहेर चंदेरी कागद, आतून तारेच्या तीन कड्या. तिच्या आजोबांनी हातात माइक घेतला. ते एचओसीतून निवृत्त झालेले. म्हणाले, "पोरीला वाटतं रॉकेट टीव्हीवर असतं. अरे, रॉकेटच्या विकास इंजिनाला जे नायट्रोजन टेट्रॉक्साईड लागतं ते आपल्या रसायनीत बनत आलंय. बाकीचे प्लांट बंद करायचे ठरले, तरी तो एक प्लांट चालू ठेवून इस्रोकडे द्यायचं ठरलं." चांद्रयान नेणाऱ्या रॉकेटच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन विकास इंजिनं असतात, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही इथे पंचवीस वर्षं राहतोय. कित्येकांना हे त्या दिवशी, एका पुठ्ठ्याच्या रॉकेटमुळे कळलं.

रॉकेट पेटीत मावत नाही. त्याचं फक्त नाक आहे.

आणि आता हॅलोविन

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी आठ-दहा मुलं काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांचे झगे घालून दारोदार फिरली. "ट्रिक ऑर ट्रीट!" सी विंगमधल्या आजोबांनी दार उघडलं आणि विचारलं, "कुठले बहुरूपी रे तुम्ही?" ग्रुपवर मग दोन दिवस धुमश्चक्री. परकं खूळ, शाळेचा दोष, मोबाइलचा दोष. मला विचाराल तर थोडं थांबून बघूया.

हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. हिवाळा तोंडावर आला की केल्टिक लोक 'साविन' नावाचा सण पाळायचे. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात असा समज. पोरं जुने कपडे उलटे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार खाऊ मागायची, आणि सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. एकोणिसाव्या शतकात ही माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली. तिथे सलगमाचा भोपळा झाला. कपडे पुष्कळ काळ घरचेच होते. डेनिसन नावाच्या कागदाच्या कंपनीने तर १९०९ पासून क्रेप कागदाचे पोशाख घरी कसे करायचे याच्या पुस्तिका काढल्या. १९३० नंतर तयार ड्रेस आणि प्लॅस्टिकचे मुखवटे दुकानात आले आणि तिथेही आयांचं शिवणं कमी कमी होत गेलं. म्हणजे आपल्या सहा महाराजांची गोष्ट त्यांच्याकडे आधीच होऊन गेली.

दारोदार खाऊ मागणं आपल्याला शिमग्यातून ठाऊक आहे. पितरांसाठी आपण सर्वपित्रीला पान वाढतोच. मग यात परकं काय उरलं? माझ्या मते उरली ती कचऱ्याची पिशवी. ती कुणीच शिवली नव्हती. मुलांनी दोन मिनिटांत भोक पाडून डोक्यात घातली होती. गुदमरायची भीती होती ती वेगळीच.

मागच्या वर्षी ३१ ऑक्टोबर नेमका नरक चतुर्दशीला आला. मुलं किल्ला आणि कंदिलातच बुडाली होती, हॅलोविन कुणाला आठवलंही नाही. यंदा येईल. मुलांनी मागितलं तर मी पेटी उघडणार आहे. चेटकिणीचं लगद्याचं नाक आहे, काळं लुगडं आहे, भूत करायला धोतर आहे. अटी जुन्याच. घरी करायचं, स्वतःचा हात लागलेला हवा, आणि शेजारच्या माणसाची टिंगल करणारं सोंग घ्यायचं नाही. सण कुणाचा, यापेक्षा मला हे तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. तिसरा मी अंगावर घेऊन शिकले आहे.

शेवटची विनंती

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. गेल्या ऑक्टोबरात तिचा फोन आला, "आई, दुकानातले ड्रेस महाग आहेत आणि चार वर्षांच्या पोराला एकही आवडत नाही. तू आमचे कसे करायचीस?" मी तिला व्हिडिओवर वासुदेवाची टोपी शिकवली. कागदाचा शंकू, खालची कड शिवून घ्यायची, टोकाला मोरपीस. मोरपीस मिळालं नाही, म्हणून तिने हिरव्या-निळ्या कागदाची पिसं कापली. नातू दारोदार फिरला. तिकडच्या लोकांना तो कोण ते कळलं नसणार. त्याने मात्र सगळ्यांना सांगितलं म्हणे, की टोपी आईने केली, पिसं मी कापली, आणि आजीने फोनवरून ओरडून सांगितलं.

तर सभासदहो, पेटीत काय आहे ते सांगितलं. एक जिरेटोप, दोन छोट्या नऊवाऱ्या, सचिनचा एक पॅड, चेटकिणीचं नाक, एक फडकं, एक बॉयलर सूट, विषाणूची टोपी, रॉकेटचं टोक आणि पुष्कळ चिंध्या. भंगारात फक्त पत्र्याचे पैसे येतील. नव्या ऑफिसात माळा नसला तर माझ्या घरात जागा आहे, पण पेटी सोसायटीची आहे, सोसायटीतच राहावी असं मला वाटतं. झाकणावर आतून कोणता कपडा कोणत्या वर्षीचा, याची यादी मी चिकटवणार आहे. ती पुढे चालू ठेवायची.

एक गोष्ट मागते. घरात जुनी सुती साडी, धोतर, मोत्याची तुटकी माळ असेल तर बोहारणीला देण्याआधी एकदा बी विंगला आणून दाखवा. आणि माझी नजर आता सुईत दोरा ओवताना साथ देत नाही. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसून शिकून घ्यावं. मुलगा असो, मुलगी असो, बाबा असले तरी चालेल.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा!